मेतकुटाचे पाऊच ग्राहकाच्या हातात: सोपेपणाची चाचणी कशी घ्यावी

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुमच्या बचत गटाचे मेतकूट आणि दाण्याची चटणी २०० ग्रॅमच्या, झिपर असलेल्या उभ्या पाऊचमधून विकली जाते. दिवाळीनंतर काही ग्राहकांनी, त्यातही वयस्कर ग्राहकांनी, पाऊच उघडत नाही, उघडताना वाकडे फाटते आणि पीठ ओट्यावर सांडते अशा तक्रारी केल्या. त्यावर तुम्ही नातेवाईक आणि शेजारी मिळून बारा जणांना पाऊच देऊन मत विचारले आणि बाराही जणांनी ‘छान आहे, काही त्रास नाही’ असे सांगितले. आता चाचणी कशी घ्यावी, किती लोकांवर घ्यावी आणि ती प्रयोगशाळेकडे सोपवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

वीस-बावीस वर्षे खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंगचे काम केल्यावर मला यात काही कोडे वाटत नाही. तक्रार करणाऱ्याने पाऊच आपल्या स्वयंपाकघरात, एकट्याने, भात निवत असताना उघडले. तुमच्या बारा जणांनी ते तुमच्यासमोर, तुमच्या गटाबद्दल आपुलकी असताना उघडले, किंवा घरी उघडले आणि नंतर तुम्हाला बरे वाटेल ते सांगितले. म्हणजे तुमच्या हाती आली ती मते. पाऊच उघडताना हातांचे काय झाले, कात्री कुठून आणली, किती पीठ सांडले, हे तुम्हाला कोणीच सांगितले नाही, कारण तुम्ही ते विचारले नव्हते. आणि विचारले असते तरी लोकांना ते आठवले नसते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. आमच्याच एका उत्पादनाची चाचणी आम्ही पुण्यात एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत घेतली होती. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या हातात कोरड्या चटणीचे पाऊच दिले. त्यांनी ते आधी हातभर लांब धरून पाहिले, उलटे केले, डाव्या कडेवरून अंगठा फिरवला. फाडायची खाच उजव्या कडेला होती आणि ती त्यांना दिसलीच नाही. मग त्यांनी वरची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढली; फिल्म ताणली गेली, तिच्यावर पांढरट रेघ उमटली, पण ती फाटली नाही. त्यांनी बोटे पदराला पुसली, पुन्हा ओढून पाहिले, पाऊच दातांपर्यंत नेले, माझ्याकडे पाहून थांबल्या आणि कात्री मागितली. कात्रीने त्यांनी जो काप घेतला तो तिरका, थेट झिपरच्या खालून गेला, त्यामुळे झिपर कापलेल्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेली. एवढ्या सगळ्याला पावणेदोन मिनिटे लागली. शेवटी आम्ही विचारले, ‘पॅकिंग कसे वाटले?’ त्यांचे उत्तर होते, ‘पॅकिंग चांगलंच आहे हो, माझ्याच बोटांत आता जोर राहिला नाही.’ पाचपैकी पाच गुण त्यांनी दिले. तो गुणांचा कागद घेऊन आमच्या विपणन विभागातील मंडळी खुशीत परतली. माझ्याजवळ हातांचे चित्रीकरण होते म्हणून गोष्ट निभावली.

ग्राहक पाकिटाऐवजी स्वतःला दोष देतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ‘तुम्हाला कसे वाटले’ या प्रश्नाच्या उत्तराला मी आता फारच थोडे वजन देते. तुमच्या चाचणीचा पाया म्हणूनच विचारण्याऐवजी पाहण्यावर असावा, असा माझा आग्रह आहे.

मात्र लोकांना बोलावण्यापूर्वी एक काम करा, ज्याला फूटपट्टीपलीकडे काही लागत नाही. विक्रीसाठी तयार असलेले वीस पाऊच, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी भरलेले, टेबलावर मांडा आणि प्रत्येकाचे सील वरच्या कडेपासून किती खाली आले आहे ते मोजा. तयार झिपर पाऊचमध्ये फाडायची खाच बाजूच्या कडेवर, वरचे सील जिथे यायला हवे त्याच्या खाली आणि झिपरच्या वर, ठरावीक जागी दिलेली असते. पाऊच भरल्यावर वरचे सील तुम्ही हँड सीलरने किंवा बँड सीलरने मारता, आणि ते मारणारा हात घाईत असला की सीलची पट्टी चार-सहा मिलिमीटर खाली सरकते. मग खाच सीलच्या पट्टीत किंवा तिच्याही वर जाते. ग्राहक अगदी सांगितल्याप्रमाणे खाचेतून फाडतो, वरची पट्टी निघते आणि पाऊच मात्र बंदच राहते. आता हातात धरायला कडही उरलेली नसते. पुढे कात्री, चाकू किंवा दात हेच मार्ग उरतात. दिवाळीनंतर तक्रारी वाढल्या असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून मला पहिला संशय याच गोष्टीचा येतो: दिवाळीच्या गर्दीत सील मारणारे हात वाढले असणार किंवा बदलले असणार, आणि नातेवाइकांना दिलेले पाऊच मात्र नेहमीच्या सवयीच्या हाताने निगुतीने भरलेले असणार. वीसपैकी चार-पाच पाऊचमध्ये जरी हा दोष सापडला, तरी सीलरच्या टेबलावर एक लाकडी पट्टी ठोकून पाऊच किती आत जाईल हे पक्के करा आणि मगच पुढे जा. ज्या दोषाचे कारण ठाऊक आहे त्याची चाचणी घेण्यात लोकांचा वेळ घालवू नये.

सीलची पट्टी जागेवर असूनही त्रास होत असेल, तर खरी चाचणी सुरू होते. इथे पहिला निर्णय माणसांचा.

माणसे तुमच्या ओळखीची नसावीत, निदान गटाशी हितसंबंध असलेली नसावीत. तुमच्या मालाचे गिऱ्हाईक कोण आहे यावर त्यांची निवड अवलंबून राहील. होस्टेलवरील मुले मेतकूट नेत असतील तर तीही हवीत, पण तुमच्या तक्रारी वयस्करांकडून येत आहेत, तेव्हा किमान निम्मी माणसे साठीपुढची घ्या. हाताची पकड वयाबरोबर कमी होते आणि स्त्रियांची पकड सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असते, त्यामुळे साठीपुढच्या स्त्रिया हा तुमच्यासाठी सर्वांत बोलका गट आहे. एक-दोन डावखुरी माणसे, बोटांचा संधिवात असलेले एखादे माणूस आणि चष्म्याशिवाय स्वयंपाकघरात वावरणारी काही माणसे मिळाली तर फार चांगले. तरण्याताठ्या हातांवर तपासलेले पाकीट काय करते, याचा एक धडा अमेरिकेत मिळाला आहे. मुलांनी औषधे आणि घातक रसायने गिळू नयेत म्हणून तिथे १९७० साली कायदा झाला आणि मुलांना न उघडणारी झाकणे सक्तीची झाली. ती झाकणे मोठ्यांना उघडता येतात का, याची चाचणी मात्र १८ ते ४५ वयाच्या माणसांवर होत असे. औषधे जास्त लागतात ती वयस्करांना. त्यांच्याकडून झाकणे उघडेनात, म्हणून कित्येक जण ती उघडीच ठेवू लागले किंवा गोळ्या दुसऱ्या बाटलीत काढू लागले, आणि मूळ हेतूच बाजूला पडला. १९९५ मध्ये नियम बदलून मोठ्यांच्या चाचणीसाठी ५० ते ७० हा वयोगट ठरवण्यात आला: शंभर माणसे, पहिल्या वेळी पाच मिनिटे, नंतर दुसऱ्यांदा एक मिनिट, आणि त्या वेळेत शंभरातील नव्वदांना तरी ते झाकण उघडून पुन्हा नीट लावता आले पाहिजे.

ओघात आले म्हणून सांगते, त्याच नियमांत मुलांची जी चाचणी आहे ती वाचण्यासारखी आहे. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना जोडीने बसवतात, पाच मिनिटे झाकणाशी झटू देतात, मग एकदा उघडून दाखवतात आणि पुढच्या पाच मिनिटांसाठी, तोवर मुलांनी दात वापरले नसतील तर, ‘दात वापरले तरी चालतील’ असे सांगतात. ज्याने हे वाक्य नियमात घातले त्याने मुलांकडे नीट पाहिले होते.

आता संख्येचा प्रश्न. किती लोक, याचे एकच उत्तर नाही. तुम्हाला दोष शोधायचा आहे की दोष किती जणांना होतो हे मोजायचे आहे, यावर ते ठरते. दर तीन माणसांपैकी एकाला अडवणारा दोष असेल, तर पाच माणसांत तो निदान एकदा दिसण्याची शक्यता शंभरात ८७ आहे. म्हणून पहिल्या फेरीला पाच-सहा माणसे पुरतात. पण दोष दहापैकी एकालाच होत असेल, तर पाच माणसांत तो दिसण्याची शक्यता ४१ वर येते आणि वीस माणसे घेतली तर ८८ होते. मी स्वतः अशा कामात आधी सहा माणसे घेते, जे दिसेल ते दुरुस्त करते, आणि मग दुरुस्त पाऊच घेऊन वीस ते तीस माणसांची मोजणीची फेरी घेते. त्या फेरीत तीसपैकी एकालाही अडचण आली नाही, तरी ‘कोणालाच अडचण येत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. अशा निकालातून खात्रीने एवढेच म्हणता येते की अडचण येणाऱ्यांचे प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या आत आहे. महिन्याला हजार पाऊच विकणाऱ्याच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे शंभर घरे झाली.

चाचणीसाठी पाऊच कुठले द्यायचे, यात हमखास चूक होते. खास चाचणीसाठी म्हणून पाऊच भरू नका. विक्रीच्या ढिगातून डोळे मिटून उचला, आणि जमल्यास ते आधी एखाद्या गावाला कुरिअरने पाठवून परत मागवा. प्रवासात चुरगळलेल्या, दबलेल्या पाऊचची कड ताज्या पाऊचसारखी ताठ राहत नाही, आणि ग्राहकाच्या हातात पडते ते हेच चुरगळलेले पाऊच. हवामानाचाही विचार करा. दमट हवेत बोटे घसरतात, मेतकूट झिपरच्या खाचणीत चिकटून बसते. तेव्हा मार्चमधील निकाल जुलैत तसाच येईल असे धरून चालू नका. हवामान पाकिटाचा सोपेपणा किती बदलते याचे आपल्याकडचे ओळखीचे उदाहरण खोबरेल तेलाचे आहे: ते साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे मे महिन्यात निर्दोष वाटणारी अरुंद तोंडाची बाटली डिसेंबरात उन्हात नाहीतर गरम पाण्यात ठेवावी लागते, आणि म्हणूनच रुंद तोंडाच्या बरण्या आल्या.

माणसाला काम काय सांगायचे, हा माझ्या मते सगळ्या चाचणीतील नाजूक भाग आहे. ‘हे पाऊच उघडून दाखवा’ असे सांगितले की माणूस परीक्षेला बसल्यासारखा उघडण्यावर सगळे लक्ष लावतो, आणि तो नेहमी उघडतो त्यापेक्षा ते बरेच चांगले उघडतो. त्याऐवजी ताटात थोडा गरम भात ठेवा, बाजूला तुपाची वाटी आणि चमचा ठेवा आणि म्हणा, ‘यावर दोन चमचे मेतकूट घालून घ्या.’ आता पाऊच उघडणे हे वाटेतील काम झाले, जसे ते घरी असते. चटणीच्या बाबतीत मी याहून पुढे जाऊन हाताला तेलाचे बोट लावायला सांगते, कारण दाण्याच्या चटणीला तेल सुटते आणि दुसऱ्यांदा ते पाऊच उघडणारा हात कधीच कोरडा नसतो.

मग गप्प बसा. हे सांगणे सोपे आहे, करणे फार अवघड. समोरचे माणूस खाच शोधत असते आणि आपल्या तोंडून ‘उजवीकडे बघा’ बाहेर पडते. तेवढ्याने ती चाचणी वाया जाते. मी नवीन सहकाऱ्यांना हातात वही देऊन बसवते, म्हणजे तोंडाऐवजी हात चालतो. परवानगी घेऊन मोबाइल एका स्टँडवर असा लावा की चेहरा न येता फक्त हात आणि ओटा दिसेल; लोकही मोकळे राहतात आणि तुम्हाला नंतर हवे तितक्या वेळा पाहता येते. वहीत मी या गोष्टी टिपते: पाऊच उचलल्यापासून पहिला चमचा भातावर पडेपर्यंत किती सेकंद गेले, आधी कोणती कड धरली, पकड किती वेळा बदलली, कपड्याला हात पुसला का, अवजार मागितले का आणि कधी, फाडलेली रेघ झिपरच्या वर राहिली की खाली गेली. ओट्यावर आधी एक कोरा कागद अंथरा आणि शेवटी त्यावर सांडलेले पीठ स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. ‘थोडे सांडले’ आणि ‘नऊ ग्रॅम सांडले’ यांत फार फरक आहे. पहिले वाक्य बैठकीत विरून जाते.

थांबण्याचा नियम आधी ठरवा. माझा नियम असा आहे की पाऊच दातांकडे गेले किंवा सुरी हातात घेतली गेली की मी हळूच थांबवते आणि ती नोंद ‘उघडले नाही’ अशी करते. कात्री मागितली तर वेळ टिपून कात्री द्यावी, पण तीही पाऊच हरल्याची नोंद समजावी, जोवर पाकिटावर ‘येथे कापा’ असे तुम्हीच छापलेले नाही. वयस्कर माणसांना आधीच स्पष्ट सांगा की परीक्षा पाकिटाची आहे, त्यांची नाही, आणि नको वाटले तर त्यांनी मध्येच सोडून द्यावे. त्यांना मालाचे एक पाकीट आणि येण्याजाण्याचा खर्च द्यायला विसरू नका.

इथवर पहिले उघडणे झाले. तुमच्यासारख्या मालात मात्र निम्मी गोष्ट त्यानंतर घडते. झिपर पाऊच महाग असते आणि त्याचे समर्थन एकच, की ते पुन्हा बंद करता येते. मेतकुटासारखे बारीक पीठ ओतताना झिपरच्या खाचणीत बसते. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून झिपर लागल्यासारखी वाटते पण लागत नाही, आणि आठवड्याभरात पीठ सर्द होते. म्हणून लोकांना पाऊच घरी न्यायला द्या आणि आठ दिवसांनी, उरलेल्या पिठासकट, परत मागा. परत आलेल्या पाऊचवरून बोट फिरवले की झिपर लागते का ते कळते. रबर बँड, कपड्याचा चिमटा किंवा क्लिप लावलेली दिसली की उत्तर मिळालेच.

आणि बहुधा तुम्हाला असेही आढळेल की काही पाऊच परत येणारच नाहीत, कारण पीठ त्याच दिवशी डब्यात किंवा काचेच्या बरणीत गेले. आपल्या घरांत ही सवय फार खोलवर आहे. एका मसाल्याच्या चाचणीत मला हे उशिरा कळले आणि आधीचे दोन महिने झिपरचा दर्जा सुधारण्यात गेले होते, हे आजही सलते. तुमचे बहुसंख्य ग्राहक डब्यात ओतणारे निघाले, तर झिपरवर होणारा खर्च वाचवून साधे, सरळ फाटणारे पाऊच देणे आणि ओतताना तोंड आपोआप निमुळते होईल अशी घडी राखणे हे अधिक शहाणपणाचे ठरेल. त्यात एक धोका आहे: पाऊच फेकले की ‘वापरण्याची अंतिम तारीख’ही कचऱ्यात जाते. ती तारीख एका छोट्या स्टिकरवर छापून, ते काढून डब्याला लावता येईल असे केले, तर खर्च नगण्य आणि सोय मोठी. होस्टेलवर किंवा परदेशी मेतकूट नेणारा ग्राहक मात्र पाऊचमध्येच ठेवणार, त्यामुळे झिपर ठेवायची की काढायची हे तुमचा माल कुठे जातो यावर ठरेल. तो निर्णय तुमच्या विक्रीची वही पाहिल्याशिवाय मी इथून देऊ शकत नाही.

आकडे हाती आले की त्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळा. अठरा जणांनी पंधरा सेकंदांत उघडले आणि दोघांना तीन मिनिटे लागली, तर सरासरी साधारण अर्ध्या मिनिटाची येते. तेवढा वेळ तिथे कोणालाच लागलेला नसतो. किती जणांना जमले, किती जणांना अवजार लागले, किती जणांनी सोडून दिले, असे सरळ मोजा, आणि न जमलेल्या प्रत्येकाचे चित्रीकरण गटातील सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा. सील मारणाऱ्या व्यक्तीलाही बसवा. माझा अनुभव असा की लांबलचक अहवालाने जे होत नाही ते वीस सेकंदांच्या त्या दृश्याने होते, कारण प्रत्येकीला त्या हातांत आपल्या आईचे हात दिसतात.

दोन पाऊचची तुलना करायची असेल, म्हणजे जुने आणि नवे, तर दोन्ही एकाच माणसाला द्या, पण निम्म्यांना आधी जुने आणि निम्म्यांना आधी नवे. एक पाऊच उघडताना माणूस शिकतो आणि दुसरे त्याला सोपे जाते; क्रम न बदलल्यास नंतर दिलेले पाऊच उगाचच चांगले ठरते.

दुरुस्ती काय करावी हे चाचणीत काय दिसते यावर अवलंबून आहे, तरी नेहमी आढळणाऱ्या गोष्टी सांगते. खाच सापडत नसेल तर ती दोन्ही कडांना घ्या आणि तिच्याजवळ गडद बाण व ‘येथून फाडा’ असे मराठीत, चकचकीत पार्श्वभूमी सोडून, पांढऱ्या पट्ट्यावर छापा. चंदेरी फिल्मवरील बारीक अक्षरे ट्यूबलाइटखाली चमकून नाहीशी होतात. फाटताना रेघ वाकडी जात असेल तर दोष बहुधा फिल्मचा असतो. या पाऊचमध्ये बाहेर पॉलिएस्टरचा आणि आत पॉलिथिनचा थर असतो. पॉलिएस्टर एकदा खाच मिळाली की पटकन फाटते, पॉलिथिन मात्र फाटण्याऐवजी ताणले जाते आणि रेघेला आपल्याकडे ओढते. पुरवठादाराकडे सरळ फाटणारी फिल्म किंवा बाहेरच्या थरावर लेसरने आखलेली रेघ मिळते का ते विचारा. छोट्या मागणीसाठी ते नाही म्हणण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास खाच आणि झिपर यांच्यातील अंतर वाढवून घेणे हा स्वस्त उपाय आहे, कारण वाकड्या रेघेला खाली उतरायला जागा मिळते आणि धरायला कडही उरते.

एक मोह मात्र आवरा. सील सैल केले की पाऊच सहज उघडेल, म्हणून सीलरचे तापमान उतरवू नका. सील हे मालाचे रक्षण आहे. ते कुरिअरच्या पोत्याखाली टिकले पाहिजे, आणि आधी कोणी उघडले असल्यास ते ग्राहकाला दिसले पाहिजे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी वेदनाशामक कॅप्सूलमध्ये सायनाइड भरले आणि सात माणसे दगावली. छेडछाड झाल्यास उघड दिसेल अशी पाकिटे तेव्हापासून रूढ झाली. अर्धवट तापलेले सील आज उघडायला सोपे वाटते आणि उद्या ट्रकमध्ये आपणहून सुटते. सोलून उघडणारे सील हवे असेल तर त्यासाठी आतला थर वेगळ्या मिश्रणाचा घ्यावा लागतो. तो गुण तापमान कमी करून येत नाही.

आता प्रयोगशाळेबद्दल. तिथे पाऊचच्या सीलची १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून ती यंत्रात ओढतात आणि किती न्यूटन बलाला ती सुटली ते सांगतात. हा आकडा आजचे सील कालच्यासारखे आहे का हे कळण्यासाठी उत्तम आहे. पण आजींना ते उघडेल का, हे त्या आकड्याला ठाऊक नसते, कारण यंत्र खाच शोधत नाही आणि त्याची बोटे तेलकट नसतात. पाकीट उघडण्याच्या सोपेपणासाठी आयएसओ १७४८० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१५ साली आले आहे. त्यातही यंत्राच्या मोजमापाच्या जोडीला माणसांनी प्रत्यक्ष उघडून पाहण्याची चाचणी आहे, यावरून काय ते समजावे. तुमच्या आजच्या आवाक्यात तुम्ही स्वतः घेतलेली वीस-तीस माणसांची चाचणी प्रयोगशाळेपेक्षा जास्त सांगेल. पुढे एखाद्या मोठ्या दुकानसाखळीने कागद मागितला, किंवा फिल्म बदलून तिची तुलना करायची वेळ आली, तर मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. १९६६ पासूनची ही संस्था पॅकेजिंगच्या चाचण्या करून देते. जाताना तुमच्या चाचणीत सहज उघडलेले आणि अडलेले असे दोन्ही प्रकारचे पाऊच वेगवेगळे बांधून न्या, म्हणजे यंत्राच्या आकड्याला काहीतरी अर्थ येईल.

शेवटचे, तक्रार करणाऱ्या ग्राहकांविषयी. त्यांचे फोन नंबर तुमच्याकडे असतीलच. त्यांना फोन करून पाऊच बदलून देण्याची तयारी दाखवा आणि उघडलेले रिकामे पाऊच फेकले नसल्यास जपून ठेवायला सांगा. फाटलेली कड कुठून सुरू झाली, कुठे वळली, सीलची पट्टी खाचेच्या वर होती की खाली, हे सगळे त्या रिकाम्या पाऊचवर लिहिलेले असते. असे सात-आठ पाऊच जमले तर फूटपट्टीची जी तपासणी मी वर सांगितली तिची सुरुवात त्यांच्यापासूनच करा, आणि जमल्यास त्यांचे फोटो इथे टाका; सील खाली सरकले आहे की फिल्म ताणली गेली आहे, हे फोटोवरून बहुतेक वेळा सांगता येते.